तारांवरचा हात

३ मार्च

ती. काकांना नमस्कार,

काल फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तशीच उभी होते. मी तुम्हाला बाबांचं दुखणं वाढल्याचं सांगत होते आणि तुम्ही पलीकडून "वा, वा, छान" म्हणत होतात. लाइन खराब असणार. म्हणून हे पत्र.

बाबा आधी चष्मा विसरायचे, मग आपली गल्ली विसरायला लागले, आता माणसं विसरतात. गेल्या आठवड्यात मी त्यांच्या हातात चहाचा कप दिला तर म्हणाले, "अहो, तुम्ही कशाला त्रास घेतलात?" काका, मला अहो. लहानपणी चिडले तरी ज्यांनी मला कधी पूर्ण नावानं हाक मारली नाही, ते मला अहो म्हणाले. मी हसून वेळ मारून नेली आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ मोठा सोडून रडून घेतलं.

डॉक्टर म्हणाले, ओळखीच्या वस्तू त्यांच्या आसपास ठेवा. बाबांच्या ओळखीची वस्तू म्हटल्यावर मला एकच सुचली. कपाटावरून त्यांची इलेक्ट्रिक गिटार खाली काढली, पुसली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि परक्याची वस्तू परत करावी तशी माझ्याकडे दिली. "छान आहे. पण ही माझी नव्हे. माझी पांढरी होती."

मला आठवतं तेव्हापासून ती पिवळटच आहे, चहा सांडलेल्या चादरीसारखी. रंगाला बारीक भेगा पडल्यात. उजवा हात टेकतो तिथला रंग तर पार जाऊन लाकूड दिसतं. ती खरंच कधी पांढरी होती का? जुने फोटो सगळे काळेपांढरे, त्यात काय कळणार.

बाजाराच्या टोकाला एक वाद्यदुरुस्तीवाले आहेत, त्यांना दाखवली. माणूस उत्साही आहे, जरा जास्तच. सगळा रंग खरवडून नवा देऊ म्हणतात. "ताई, बघाच तुम्ही, ओळखू येणार नाही." आणि काका, मला नेमकी तीच धास्ती आहे. तुम्हाला माझं काम माहीत आहे. दिवसभर लोकांचे जुने कपडे उसवून नव्या मापाचे करते. पण कापड कापताना मी शिवणीच्या आत माया ठेवते, उद्या पुन्हा सैल करायची वेळ आली तर. रंगात अशी माया कुठे ठेवता येते? एकदा खरवडला की गेला.

गिटार घरात आली तेव्हा तुम्ही होतात. तुम्ही सांगाल तसं करीन.

तुमची,
खारूताई


९ मार्च

चि. खारूताईस अनेक आशीर्वाद,

तुझं पत्र वाचता वाचता दोन चाव्या चुकीच्या कापल्या. समोर गिऱ्हाईक केव्हाचं ओरडत होतं म्हणे. ओरडू दे.

दादाचं काही चुकलेलं नाही. ती पांढरीच होती. दुधासारखी म्हण, नव्या भिंतीसारखी म्हण. दादानं ती आणली तेव्हा पलंगावर धुतलेली चादर अंथरली आणि घरातल्या सगळ्यांना हात धुऊन यायला लावलं. आमची आई म्हणाली, एवढी पांढरी वस्तू कशाला आणलीस, मळेल. आणि मळलीच. ज्या हॉटेलांत आम्ही वाजवायचो तिथे समोर बसलेले लोक इतक्या सिगारेटी ओढायचे, की घरी आल्यावर वहिनी आमचे शर्ट गॅलरीतच उतरवून घ्यायची. गिटारचा शर्ट कोण उतरवणार? ती पिवळी पडत गेली.

माझ्या डोळ्यांपुढे ती आजही लख्ख उभी आहे. दादा पुढे, मी मागे ड्रमवर, आणि दिव्यात ती पांढरीफेक. म्हणून सांगतो, बिनधास्त रंगव. तू लहानपणापासून अशीच. शाळेतल्या तुटक्या पेन्सिली जपून ठेवणारी खार. हे जाऊ नये, ते जाऊ नये. अगं, दादाच्या डोक्यात जी आहे ती त्याच्या हातात दे, म्हणजे झालं.

माझ्या येण्याचं विचारलं नाहीस, पण विचारणार हे माहीत आहे. गुडघा कुरकुरतोय. दुकान एकट्यावर आहे. जरा सवड झाली की येतोच.

आणि ते फोनचं सोड. इथली लाइन भिकार आहे. पत्रच लिहीत जा.

काका


१५ मार्च

ती. काकांना नमस्कार,

तुमच्या पत्रानं धीर आला. दोन दिवस टिकला.

दुरुस्तीवाल्यांनी माझ्यासमोर गिटारच्या पुढची प्लास्टिकची पट्टी काढली. तिच्याखाली, जिथे धूर पोचला नाही, ऊन पोचलं नाही, तिथे खरंच पांढरा रंग होता. मला इतकं बरं वाटलं की दुकानातच डोळ्यांत पाणी आलं. बाबांना एवढं तरी अचूक आठवतंय. मग घरी आल्यावर पुन्हा मन खाऊ लागलं. हाताखालची ती उघडी जागा आहे ना, तिथे मी माझा हात ठेवून पाहिला. कोपरापासून मनगटापर्यंत नीट बसत नाही, माझा हात बारीक आहे. ती जागा बाबांनी घासून घासून केलेली. ती पुसायची आणि वर नवा रंग चढवायचा, हे मला जमेना. गिटार घेऊन आले होते ती तशीच कोपऱ्यात ठेवली.

परवा कामावरून आले तर गिटार जिन्यात. दाराबाहेर, भिंतीला टेकवून ठेवलेली. बाबांना विचारलं तर समजावल्यासारखं म्हणाले, "कुणाची तरी आपल्याकडे राहिलीय. शोधत येतील बिचारे." मी ती उचलून आत आणली. मी चप्पल काढत होते तेवढ्यात ते मला म्हणाले, "तुम्हालाही उशीर होतोय. घरचे वाट बघत असतील."

काका, आज गिटार दाराबाहेर ठेवली. उद्या मला नम्रपणे दारापर्यंत पोचवतील, असं सारखं वाटतंय. शेजारच्या मावशी दिवसा त्यांच्याजवळ बसतात, त्यांना मी सांगून ठेवलंय की मी घरात शिरताना तुम्ही जरा मोठ्यानं म्हणत जा, लेक आली हो. त्या म्हणतात. बाबा मान हलवतात.

म्हणून ठरवलं. सोमवारी गिटार देतेय. पांढरी करून घेते. ओळखीची एक जरी वस्तू सापडली तर तिच्या आधारानं बाकीच्याही सापडतील, अशी वेडी आशा आहे.

आणि एक. दुरुस्तीवाल्यांनी ती त्यांच्या अ‍ॅम्पला, त्या आवाज मोठा करणाऱ्या खोक्याला, जोडून दाखवली. मी ती वायर लावलेली कधी ऐकलीच नव्हती. माझ्या जन्मानंतर आईनं अ‍ॅम्प घराबाहेर काढला, त्यामुळे माझ्यासाठी बाबांची गिटार म्हणजे पाळण्याशेजारची हळू टणटण. वायर लावल्याबरोबर ती इतकी भुणभुणायला लागली, जशी खोलीत माशी अडकलीय. दुरुस्तीवाले म्हणाले, तारांखालची ती चुंबकं, पिकप म्हणतात त्यांना, जुनी झालीत. ती काढून नवीन बसवली की एकदम शांत. मी म्हटलं, करताच आहात तर तेही करा.

बरोबर केलं ना?

खारूताई


२० मार्च

खारूताई,

आशीर्वाद नंतर. आधी धावत दुकानात जा आणि ती जुनी पिकपं काढू देऊ नकोस. काढली असतील तर फेकू देऊ नकोस. फेकली असतील तर कचऱ्यातून शोध. मग पुढचं वाच.

तुझ्या पत्रात भुणभुण हा शब्द वाचला आणि मी खुर्चीतून उठलो. मी ती साफ विसरलो होतो. दादा वायर लावायचा, बटण फिरवायचा, की गिटार भुणभुणू लागायची. पहिल्या रांगेतली माणसं तोंड वाकडं करायची. मग दादा उजव्या हाताचा तळवा तारांवर ठेवायचा, आणि ती गप्प. हात काढला की पुन्हा सुरू, ठेवला की गप्प. ते का होतं मला विचारू नकोस, विजेचं काहीतरी असेल. पण रोज असंच सुरू व्हायचं आमचं वाजवणं. त्याचा हात तारांवर, अख्खा हॉल शांत, मी मागून काठीवर काठी मारायचो आणि मग त्याचा हात उठायचा. ती मला दिसायची म्हणून तुला रंगाचं सांगितलं. दादाला ती आधी ऐकू यायची.

मी हे कसं विसरलो ते सांगायलाच हवं. मला ऐकू येत नाही. लाइन चांगली आहे, माझे कान गेलेत. आधी ड्रम, मग चावी कापायच्या यंत्राची किंचाळी. हळूहळू गेले, मी कुणाला कळू दिलं नाही. लोकांच्या ओठांकडे बघून चाव्या विकतो. आवाज कानातून गेले तसे आठवणीतूनही निघून गेले, हे मला तुझ्या पत्रापर्यंत कळलं नव्हतं. माझ्याकडे नुसती चित्रं उरलीत. आणि मी तुला चित्र बघून सल्ला दिला.

हे पत्र सोमवारनंतर पोचणार याची मला जाणीव आहे. फोन करू शकत नाही. मोठा माणूस म्हणवतो आणि असा अडकलोय.

काका


२४ मार्च

काका,

पत्र दुपारी मिळालं. एका बाईंच्या कोटाला टाचण्या लावत होते, त्यांना तशाच आरशासमोर उभ्या सोडून धावले.

रंग गेला होता. सगळा. गिटार टेबलावर पडली होती, नुसतं लाकूड, केस काढलेल्या माणसासारखी. बाबांच्या हाताखाली जी एवढीशी उघडी जागा होती, ती आता चहूकडे आहे. मी ती शोधायला हात फिरवला. सगळं सारखंच गुळगुळीत.

जुनी पिकपं एका बिस्किटाच्या डब्यात होती, दुसऱ्यांच्या स्क्रूंमध्ये. फेकली नव्हती. मी ती परत बसवा म्हटल्यावर दुरुस्तीवाले तयारच होईनात. नवीन कधीच बसवून झाली होती, आणि त्यांचा आवाज किती स्वच्छ आहे हे ते मला तीनदा ऐकवून दाखवत होते. स्वच्छ होता. मला तो नको होता. शेवटी म्हणाले, तुमची वस्तू आहे, ताई. चारआठ दिवस लागतील.

मला तुमचा राग आलाय. तुम्ही बिनधास्त रंगव म्हणालात. कान गेल्याचं लपवलंत, मी फोनवर रडले तेव्हा वा वा म्हणालात. आणि राग माझाही आलाय, कारण हात फिरवून बघायची अक्कल होती तरी दिलीच. आता ना ती पांढरी आहे ना पिवळी. बाबांनी तिला पाहिलं तर ओळखायला काय उरलंय?

तुम्ही या. गुडघा असेल तर टॅक्सी करा. बाबा हात कसा ठेवायचे हे फक्त तुम्हाला माहीत आहे.

खारूताई


२८ मार्च

चि. खारूताई,

राग योग्य आहे. खाली घाल मान म्हणालीस तर घालतो.

पण येणं जमणार नाही. गुडघा ठणठणीत आहे, ते मी उगाच सांगत होतो. खरं सांगू? दादानं मला लहानपणी खांद्यावरून शाळेत नेलंय. माझ्या हातात पहिल्या काठ्या त्यानंच दिल्या, स्वयंपाकघरातले डबे बडवू नकोस, हे घे, म्हणून. तो मला बघून "आपण कोण?" म्हणाला तर मी काय करू? तू त्याच्याजवळ रोज आहेस, तू रोज थोडं थोडं सोसतेस. माझ्या अंगावर सगळं एकदम येईल. आणि तो काय बोलतोय तेही मला नीट ऐकू येणार नाही, नुसते ओठ दिसतील, आपण कोण म्हणणारे. मला भीती वाटते गं. साठी उलटलेला माणूस भावाला भेटायला घाबरतो, हसायचं तर हस.

गिटारचं जे होईल ते कळव. लवकर कळव.

काका


४ एप्रिल

ती. काकांना नमस्कार,

हसले नाही. मीही रोज दाराशी एक क्षण थांबते आणि मग बेल वाजवते.

आज बाबांना दुकानात नेलं, कारण अ‍ॅम्प तिथे. माझ्या दंडाला धरून चालत होते. वाटेत पुन्हा पुन्हा, "अहो, आपण कुठे निघालोय?" मी पुन्हा पुन्हा सांगत होते. दुकानात त्यांना स्टूल दिलं. ते पाहुण्यासारखे अवघडून बसले. दुरुस्तीवाल्यांनी गिटार मांडीवर ठेवली. बाबांनी लाकडावरून बोट फिरवलं, म्हणाले, "लाकूड छान आहे. कुणाची?" मला वाटलं, संपलं. उगाच आणलं यांना, उगाच सगळं केलं.

दुरुस्तीवाल्यांनी वायर लावली, बटण फिरवलं. ती भुणभुणायला लागली. बाबांच्या कपाळाला आठी पडली. मी बंद करा म्हणणार होते, तोंड उघडलंही होतं.

बाबांनी तळवा तारांवर ठेवला. ती गप्प झाली.

बाबांनी दुसऱ्या हातानं, न बघता, आवाजाचं बटण खाली केलं आणि दुरुस्तीवाल्यांना दटावलं, "एवढा कशाला वाढवून ठेवलाय? ती बिचकते." काका, ती म्हणाले, आपल्या माणसाबद्दल म्हणावं तसं. मग त्यांचं लक्ष पुन्हा लाकडाकडे गेलं. "रंग काढायला दिला होता वाटतं मी," असं स्वतःशीच म्हणाले. मी विचारलं, कुठला रंग देऊ या, बाबा? म्हणाले, "रंगाची काय घाई, आधी वाजवून बघू."

मी म्हटलं, वाजवा ना मग. त्यांनी मान वळवून मागे पाहिलं. मागे भिंत होती आणि टांगलेल्या वायरी. "वाजवू कसा? बारक्या कुठे उलथलाय?"

मला आधी कळलंच नाही. बारक्या म्हणजे तुम्ही, हे मी आईच्या तोंडून एकदाच ऐकलं होतं. मी म्हटलं, येतील, तुम्ही सुरू करा. तर मला म्हणाले, "नाही हो बाई, तसं नसतं. तो काठ्या वाजवतो, मग हात उचलायचा."

मी अजून बाईच आहे. मला वाईट वाटलं आणि आनंदही झाला, दोन्ही एकदम, आणि कशाला किती ते मला सांगता येत नाही.

दुरुस्तीवाल्यांनी अ‍ॅम्प घरी न्यायला दिला. रंग दिलेला नाही. आता बाबा खिडकीपाशी बसलेत, मांडीवर उघड्या लाकडाची गिटार, वायर लावलेली. हात तारांवर आहे. मी जेवायला बोलावलं, उठले नाहीत. हात दुखेल म्हटलं, ऐकलं नाही. दाराकडे बघतायत.

तुमची,
खारूताई


७ एप्रिल

चि. खारूताई,

दुकानाला कुलूप लावलंय. माळ्यावर काठ्या सापडल्या, एकीचं टोक उंदरांनी खाल्लंय, पण वाजेल. तिकीट तीन दिवसांनंतरचं मिळालं, म्हणजे तू हे वाचशील तेव्हा मी गाडीत असेन.

दारात "आपण कोण" म्हणाला तर म्हणू दे. मी काही न बोलता त्याच्या मागे जाऊन उभा राहीन, माझी जागा तिथेच आहे. ती भुणभुण मला ऐकू येणार नाही, त्याचं वाजवणंही नाही. पण हात उठलेला दिसेल.

दादाला सांग, बारक्या निघालाय. तोवर हात काढू नकोस म्हणावं.

काका